८० रुपयांचे भांडवल आणि संस्थेची घडी



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. ‘आम्ही दहा-बारा बायकांनी मिळून मसाला सुरू केला आहे, कर्ज कुठे मिळेल?’ किंवा ‘मुलगा शिकला पण नोकरी नाही, चार मित्र मिळून केटरिंगचे काम करायचे म्हणतात, भांडवलाची सोय सांगा.’ प्रश्न रास्त आहे. भांडवलावाचून धंदा होत नाही हे बी.कॉम. न झालेल्यालाही कळते. परंतु वस्त्यांतील गटांच्या वह्या चाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. कर्ज न मिळाल्यामुळे बुडालेले गट मी थोडे पाहिले. कर्ज मिळाले, माल खपू लागला, ऑर्डर वाढल्या आणि मग बुडाले, असे मात्र पुष्कळ पाहिले.

असे का व्हावे? माझ्या मते दोष बहुतेक वेळा संस्थेच्या घडीत असतो. घडी म्हणजे काय, तर पैसा कोणाच्या हातात, निर्णय कोणाचा, कच्चा माल कोण आणणार, नुकसान झाले तर कोणी सोसायचे, आणि काम वाढले की हे सारे बदलायचे कसे, याची आधी ठरवलेली व्यवस्था. कॉलेजात आम्हाला ‘व्यवसाय संघटन’ हा विषय होता. वर एक चौकोन, खाली तीन चौकोन, मध्ये बाण. रेषा संघटन, कार्यात्मक संघटन, अशी नावे पाठ करायची आणि मार्क मिळवायचे. त्या चौकोनांत हाडामांसाची माणसे बसतात आणि चौकोन चुकला की माणसे एकमेकांची तोंडे पाहीनाशी होतात, हे काही त्या पुस्तकात नव्हते.

आता एक उदाहरण पाहू. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जवळ पैसा नव्हता. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या व्यापाऱ्याला विकली गेली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पेपरांतून ही कथा पुन्हा छापून आली. ८० रुपये आणि सात बायका एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ हे नाव आज कोणाला ठाऊक नाही? मला मात्र त्या ८० रुपयांपेक्षा पुढच्या सात-आठ वर्षांत या बायकांनी काय काय ठरवले त्यात अधिक रस आहे.

सुरुवातीला त्यांनी दोन प्रतीचे पापड केले, एक चांगला आणि एक स्वस्तातला. पारेखांनी, म्हणजे सर्वांच्या छगनबाप्पांनी, सांगितले की प्रत एकच ठेवा, आणि हिशेब चोख लिहा. देणगी घ्यायची नाही, हेही ठरले. आपल्याला हे फार कडक वाटेल. पण देणगी घेतली की देणारा खुर्चीवर बसतो आणि लाटणारी जमिनीवर बसते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. पहिल्या वर्षी विक्री झाली ६,१९६ रुपयांची. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्यातही काम चालू राहिले.

खरी कसोटी पुढे आली. बायका वाढत गेल्या. तिसऱ्या वर्षी त्या तीनशेच्या पुढे गेल्या आणि गच्ची पुरेना. अशा वेळी धंदेवाला काय करील? मोठा गाळा भाड्याने घेईल, कर्ज काढील, वर एक मॅनेजर नेमील. नाहीतर म्हणेल, शंभर बायका पुरे, बाकीच्यांनी घरी जावे. या बायकांनी गच्चीवर एकत्र बसून लाटायचे, ही मूळची पद्धतच बदलली. पीठ गच्चीवर मळायचे, ते लाट्या करून प्रत्येकीने घरी न्यायचे, घरीच लाटून वाळवायचे आणि तयार पापड परत आणून द्यायचे. मग वजन, तपासणी आणि पाकिटे भरणे पुन्हा एका ठिकाणी. लहान मुले सांभाळून, स्वयंपाक उरकून बाईला हे काम करता आले. जागेचा प्रश्नही भाडे न देता सुटला.

येथे थांबून एक विचार करा. घरी माल न्यायचा, तयार करून आणून द्यायचा, नगावर किंवा वजनावर पैसे घ्यायचे, ही रीत आपल्या आयाबहिणींना काही नवी नाही. सोलापूर, सिन्नरच्या विडी कामगार स्त्रियांनी तेच केले. तंबाखू आणि पाने घरी आणायची, विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या. तेथेही तपासणी होते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडते. लिज्जतची संस्था म्हणून रीतसर नोंदणी झाली ती १९६६ साली, आणि विडी कामगारांच्या सेवाशर्तींसाठी केंद्राचा कायदा झाला तोही १९६६ सालीच. दोन्हीकडे काम घरी चालते, दोन्हीकडे हात बाईचाच आणि मोबदला मोजणीवर. मग विडी वळणारीला कायद्याचा आधार का लागला? कारण मोजणाऱ्याच्या मागे मालक बसलेला होता. लिज्जतमध्ये मोजणारीही उद्या लाटायला बसणारी आणि मालकीत सारखीच वाटेकरी. म्हणजे काम घरी चालते की कारखान्यात, एवढ्याने काही ठरत नाही. तराजूच्या पलीकडे कोण आहे, हे पाहावे लागते.

लिज्जतमध्ये काम करणारी प्रत्येक बाई ‘बहीण’ म्हणजे सभासद आणि मालक. पुरुष नोकरीला असतात, पण सभासद होऊ शकत नाहीत. (आपल्यातील काही बंधूंना हे खटकेल. त्यांनी आपल्या वस्तीतील महिला मंडळाचे पासबुक सध्या कोणाच्या शर्टाच्या खिशात असते, ते आधी पाहावे.) प्रत्येक शाखेला एक संचालिका, वर २१ जणींची व्यवस्थापन समिती, आणि या साऱ्या पापड लाटणाऱ्यांतूनच आलेल्या. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी मध्यवर्ती, म्हणून चव सगळीकडे एक. नफा-तोटा मात्र त्या त्या शाखेचा, म्हणून कोणत्याही शाखेला दुसरीच्या जिवावर झोपा काढता येत नाहीत. लाटण्याची मजुरी, तिला तेथे ‘वणाई’ म्हणतात, ती लाटलेल्या वजनाप्रमाणे हातात पडते. नफ्याचा वाटा मात्र सर्वांना सारखा. जिच्या घरी पापड वाळवायला स्वच्छ, मोकळी जागा नाही तिला लाटण्याचे काम मिळत नाही, पण पीठ मळणे, पाकिटे भरणे, तपासणी अशी शाखेतली कामे तिला मिळतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरातील बाईला याचे मोल विचारा.

सगळेच साधले असे मात्र नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. आगपेट्या, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू हे उद्योगही करून पाहिले आणि ते चालले नाहीत. उलट पिठाची गिरणी, मसाले, कपडे धुण्याची पावडर ही कामे टिकली. आज १७ राज्यांत ८० हून अधिक शाखा आणि सुमारे ४५ हजार बहिणी आहेत, तरी पापड हातानेच लाटला जातो. १९५९ पासून कामाची जागा बदलली, नोंदणी बदलली, माल बदलला. ‘जी काम करील ती मालक’ एवढे एक सूत्र मात्र बदलू दिले नाही.

कोणी म्हणेल, पापडाचे काम सोपे, यंत्र लागत नाही, म्हणून हे जमले. मग दुधाचे घेऊ. दूध नासणारा माल आहे, त्याला यंत्रे लागतात, गाड्या लागतात आणि रोज लाखो लिटरचा व्यवहार असतो.

१९४५ साली सरकारने मुंबईला दूध पुरवण्याची योजना आखली. दूध गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून येई आणि ते गोळा करण्याचे काम पोलसन या खासगी डेअरीकडे होते. मुंबईत दुधाला चांगला भाव, पण गावातल्या शेतकऱ्याच्या हाती त्यातले थोडेच पडे. सरदार पटेलांच्या सल्ल्याने जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी सभा झाली आणि शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूधच घातले नाही. मुंबईचे दूध तुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्रिभुवनदास पटेलांच्या अध्यक्षतेखाली खेडा जिल्हा संघाची नोंदणी झाली, तोच पुढे अमूल. १९४९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले, तेव्हा तंत्र जाणणारा माणूस मिळाला. पण तो मालक नव्हता, शेतकऱ्यांचा नोकर होता, आणि ही गोष्ट ते स्वतः अभिमानाने सांगत. गावात संस्था, तिचा अध्यक्ष गावकऱ्यांनी निवडलेला. फॅट मोजून भाव. गावच्या संस्थांचा जिल्हा संघ, त्याच्या मालकीची डेअरी. आणि १९७३ मध्ये जिल्हा संघांनी एकत्र येऊन विक्रीसाठी राज्याचा महासंघ काढला. पाहा, आधी गाव, मग जिल्हा, मग राज्य. गरज पडेल तसा एकेक मजला चढवला, आणि पाया गावातच राहिला.

याच काळात आपल्याकडे काय झाले? १९४९ साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत झाली. शहरातले गोठे तेथे हलवले. काचेच्या बाटल्या, दुधाचे कार्ड, पहाटेची केंद्रावरची रांग हे चाळिशी-पन्नाशीच्या मुंबईकरांना आठवत असेल. शुद्ध दूध ठरल्या भावाने गरिबाच्या घरी गेले, ही त्या योजनेची कामगिरी कोणी नाकारू नये. परंतु ते सरकारी खाते होते. दूध घालणारा मालक नाही, विकणारा मालक नाही, पिणारा कार्डधारक. मी स्वतः कारकून आहे, म्हणून सरकारी माणूस आळशी असतो असे मी कदापि म्हणणार नाही. पण नासणारा माल आणि टेबलावरून टेबलावर फिरणारी फाइल यांचे जमत नाही. मशीन बंद पडले तर दुरुस्तीला मंजुरी लागते, भाव बदलायचा तर निर्णय मंत्रालयात होतो. बाजारात दुसरे कोणी नव्हते तोवर हे चालले. दुसरे आले आणि आरेचे दूध मागे पडत गेले. आज नव्या पिढीला आरे हे नाव मेट्रोच्या कारशेडच्या वादामुळे ठाऊक आहे.

यावरून ‘सहकारी चांगले, सरकारी वाईट’ असा सोपा निष्कर्ष काढाल तर फसाल. अमूलसारखाच तीन मजली सांगाडा आपल्या राज्यातही उभा राहिला. गावची संस्था, जिल्ह्याचा संघ आणि वर राज्याचा दूध महासंघ, म्हणजे महानंद. कागदावर घडी तीच. पण गुजरातेत जिल्हा संघांनी एका नावाखाली दूध विकले, आणि येथे कोल्हापूरचे गोकुळ, पुण्याचे कात्रज, शिवाय वारणा, असे जो तो आपापल्या नावाने मुंबई-पुण्याच्या बाजारात उतरला. त्यातील काहींनी आपापल्या परीने उत्तम काम केले, हे खरे. पण खालच्या मजल्यावरची मंडळी वरच्याशीच स्पर्धा करू लागली तर वरच्या मजल्याने जगायचे कशावर? महानंदचा कारभार शेवटी २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावा लागला. तेव्हा उपविधी छापून, शिक्का करून आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो काढून घडी बसत नाही. कोणते काम खाली आणि कोणते वर, यावर सर्वांचा राजीखुषीचा करार लागतो आणि तो पाळावा लागतो.

आता आपल्या दारात येऊ. आपल्याकडे गट म्हणजे बचत गट. दहा ते वीस बायका, नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि नोंदवही, ही पंचसूत्री तोंडपाठ असते. महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि पुढे ‘उमेद’ अभियानाने ती गावोगाव नेली आणि सावकाराच्या तावडीतून कित्येक घरे सुटली. ही घडी बचतीसाठी उत्तम आहे, कारण बचतीत सगळ्याजणी सारख्या. प्रत्येकीचे शंभर तर शंभर.

परंतु गटाने मसाला कुटायला घेतला की सारखेपणा संपला. एक पहाटे उठून मिरची निवडते, दुसरीची सासू आजारी म्हणून ती येत नाही. एकीला बाजारभाव कळतो, दुसरीला बोलता येते म्हणून ती ऑर्डर आणते. काम असमान झाले आणि घडी मात्र तीच राहिली. तीच अध्यक्ष, तीच सचिव, एकच वही.

उपनगरातील एका वस्तीतील चौदा जणींचा गट माझ्या माहितीतला आहे. मसाला इतका चांगला की एका कॅन्टीनची दरमहा ऑर्डर लागली. माल अध्यक्षताईंच्या घरी, कारण त्यांच्याकडे पोटमाळा. रोख रकमही त्यांच्याच डब्यात, कारण माल तेथे. खरेदी त्यांची, हिशेब त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर. यातले काहीही वाईट हेतूने झालेले नव्हते. जे सोयीचे ते होत गेले. दिवाळीला वाटप करायची वेळ आली तेव्हा तेरा तोंडांनी एकच प्रश्न विचारला, आणि त्याला उत्तर देता येईना. मला बोलावले तेव्हा गट मोडलेलाच होता. तीन रात्री बसून मी पावत्या जुळवल्या. तूट निघाली अकराशे रुपयांची, आणि तीही गॅस सिलिंडर व टेम्पोच्या हरवलेल्या पावत्यांपायी असावी. ताई म्हणाल्या, ‘भाऊ, पैशाचं मला काही नाही. दोन वर्षं झोपले नाही मी या मसाल्यापायी, आणि बाया मला चोर म्हणाल्या.’ त्यांच्या मुलीच्या लग्नाला गटातल्या पाचच जणी आल्या.

ती बाई चोर नव्हती आणि विचारणाऱ्या तेरा जणीही भांडखोर नव्हत्या. माल, रोकड, खरेदी आणि हिशेब ही चार कामे एका घरात गेली की प्रामाणिक माणूसही संशयित दिसू लागतो. ज्या घरात माल त्या घरात रोकड नको, आणि जी खरेदी करते तिने हिशेब लिहू नये, एवढे जरी आधी ठरले असते तरी त्या चौदा जणी आज कदाचित एकत्र कांडप करीत असत्या.

म्हणून जे गट उत्पादनात उतरले आहेत त्यांना माझे सांगणे असे की, बचतीची वही आणि धंद्याची वही पहिल्या दिवसापासून वेगळी करा. बँकेत खातेही वेगळे काढता आले तर उत्तम. धंद्याच्या वहीत जिने जितके किलो मिरची निवडली, जितकी पाकिटे भरली, तितकी तिची मजुरी आठवड्याला चुकती करा, आणि मग जो नफा उरेल तो सारखा वाटा. लिज्जतच्या वणाईचे मर्म येथेच आहे. कष्टाचे पैसे कष्टाप्रमाणे आणि मालकीचे पैसे मालकीप्रमाणे मिळाले की जास्त राबणारीला राग येत नाही आणि आजारी पडलेलीला भीक मागितल्यासारखे वाटत नाही. पदे वर्षा-दोन वर्षांनी फिरवा. ‘मला लिहिता येत नाही’ म्हणणारीला आधी वजन-तपासणीला बसवा, ते काम कमी मानाचे नाही. महिन्यातून एकदा वही मोठ्याने वाचून दाखवा, न लिहिता-वाचता येणाऱ्या बहिणींसमोर मुद्दाम.

आणि ऑर्डर दुप्पट झाली, की त्याच आठवड्यात बैठक बोलवा. आनंद साजरा करायला नव्हे, तर जुनी पद्धत कुठे अपुरी पडणार हे शोधायला. माल ठेवायचा कुठे, पहाटेचे काम कोणाचे, उधारी किती दिवसांची. लिज्जतचा वितरक माल उचलतानाच पैसे देतो. आपल्या गटाला कॅन्टीनवाला पंचेचाळीस दिवस थांबवतो आणि तेवढ्या काळात मिरचीवाल्याचे देणे कोणी स्वतःच्या मंगळसूत्रावर भागवते. हा निर्णय एकटीने घ्यायचा नसतो, तो ठराव करून इतिवृत्तात लिहायचा असतो.

ज्या गटांना आपली वही तपासून हवी असेल त्यांनी मागील तीन महिन्यांच्या पानांच्या झेरॉक्स साप्ताहिकाच्या कार्यालयात द्याव्यात. मूळ वही कोणाकडेही, माझ्याकडेसुद्धा, देऊ नये. नोंदणी संस्था म्हणून करावी, सहकारी म्हणून की भागीदारी म्हणून, हा प्रश्न तीन-चार गटांनी विचारला आहे. प्रत्येकीचे नियम आणि खर्च वेगळे आहेत, त्याविषयी पुढील अंकी लिहीन.